तारखांसकट

बोहरी आळीच्या मागे, कागद कापायच्या दुकानावर
हनीफ तांबोळींचा पहिला मजला.
जिना इतका अरुंद की मॉनिटर आडवा करून उतरवला.
डबा मात्र मी मांडीवर घेतला रिक्षात,
थेट धायरीपर्यंत, खड्ड्यागणिक हात घट्ट.
आत सव्वीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
दशक्रियेचे निरोप, मंडळांच्या वर्गणीपावत्या,
एका दूधवाल्याची बिलबुकं,
आणि शेकडो 'फायनल', 'फायनल दोन', 'आता खरंच फायनल'.

त्यांच्या मुलाला हे काही नको होतं.
"भंगारात पंधराशे येतील," म्हणाला.
वाईट हेतूनं नाही.

रात्री साडेआठ. काळा पडदा,
त्यावर हुकूम मागणारी लुकलुकती रेघ.
सीपी. आधी कुठून, मग कुठे.
हा क्रम चाचांनीच शिकवला, फ्लॉपीच्या दिवसांत:
"रिक्षावाला आधी 'कुठे' विचारतो आणि नाही म्हणतो.
हा आधी 'कुठून' विचारतो आणि जातो.
म्हणून याला जास्त घाबरायचं.
उलटं सांगितलंस तर भरल्यावर रिकामं ओतेल,
आणि तुला विचारणारही नाही."

पहिल्या खेपेला यानं फोल्डरच वगळलं.
वजा-आर राहिलं होतं.
आतलं, आतल्याच्या आतलं, पार तळापर्यंत उतर
असं सांगावं लागतं त्याला,
नाहीतर उंबऱ्यावरूनच परततं, पावण्यासारखं.

सांगितलं. एंटर.
मग काहीच नाही. ना शाबासकी, ना टक्के.
फक्त डिस्कची कुरकुर, सुपारी कातरल्यासारखी.
काम नीट चाललं की हे गप्प.
चाचाही तसेच. प्रूफ बरोबर असलं
की कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवायचे, बस्स.

अकरा दहाला रेघ परत आली.
यादी काढली, आणि पोटात गोळा.
सगळ्यांवर आजची तारीख.
भोरच्या निगडे-धुमाळ लग्नावर आजची,
दोन हजार तीनच्या पावतीपुस्तकावर आजची,
जणू सव्वीस वर्षं
एका मंगळवारी जेवणानंतर टाइप झाली.

मजकूर शाबूत होता. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागेवर.
गेलं होतं ते एवढंच,
की एक दशक्रियेचा निरोप पहाटे सव्वातीनला सेव्ह झाला होता
कारण घरचे लोक पायरीवर बसून होते;
की रमजानात बहुतेक फायली सेहरीच्या आधीच्या;
की गुरुवारी दुपारी, लाइट नसायची तेव्हा, एकही नाही;
की रुखसाना झाली त्या आठवड्यात
पाच दिवस कोणाचंच लग्न ठरलं नव्हतं.

जुनी डिस्क तशीच होती, हात न लागलेली.
निदान तेव्हा तसं वाटलं.
नक्कल करताना अस्सल जागचं हलत नाही,
या कामाचा हा मोठेपणा.
"एकच प्रत म्हणजे उसनी वस्तू," चाचा म्हणायचे,
"मालक कधी दार वाजवेल सांगता येत नाही."

नवी प्रत पुसली. पुन्हा तोच हुकूम,
या वेळी वजा-पी जोडून. पी म्हणजे जपून.
पुन्हा सुपारी. खाली सिंहगड रस्त्यावर
कोणीतरी दुचाकीला सतरा किका मारल्या. मोजल्या मी.

दोन वाजून गेल्यावर यादी.
दोन हजार तीन परत दोन हजार तीन.
सव्वातीन परत सव्वातीन.
फक्त एक फाइल काल संध्याकाळची, सात बावीसची,
नव्या डिस्कवर आणि जुन्यावरही:
'तांबोळी_व्हिजिटिंग_कार्ड'.

नुसतं बघावं म्हणून उघडली होती मी,
कॉपीला बसायच्या आधी.
फोन नंबरात एक आकडा चुकलेला दिसला.
सवयीनं दुरुस्त केला. सवयीनं सेव्ह.

त्यांनी तिला शेवटचा हात कधी लावला होता
ते आता कुठल्याच हुकमाला सांगता येणार नाही.

नंबर मात्र बरोबर आहे.